माचावरची लाकडं

हदासाने मोळीतलं एक लाकूड ओढून काढलं, गुडघ्यावर ठेवलं आणि दोन्ही टोकांवर जोर दिला. ते मोडलं नाही. नुसतं वाकलं, आणि सालीखालची हिरवट पांढरी चीर दिसली. तिने दुसरं काढलं आणि दोन्ही एकमेकांवर आपटली. सुकं लाकूड टणकन वाजतं. हे थप्प वाजलं.

"ओली आहेत, शुक्री."

मागच्या दाराशी उभी असलेली शुक्री डोक्यावरची चुंबळ सोडवत होती. तिचं लुगडं पोटरीपर्यंत भिजलं होतं. नेरे गावाच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी तिची वाडी. तिथून रस्त्यापर्यंत चालत, मग सहा आसनी रिक्षाने पनवेल, आणि स्टँडवरून मोळी डोक्यावर घेऊन पुन्हा चालत खांदा कॉलनी, अशी ती आली होती.

"पाऊस हाय ना बाई अजून," ती म्हणाली. "रानात सुकं कुठलं गावनार?"

"दरवर्षी आणतेस की."

"दरसाली या टायमाला उघडीप असते."

हे खरं होतं. घटस्थापना तीन दिवसांवर आली होती तरी पाऊस हलायचं नाव घेत नव्हता. पण हदासाचंही काही चालण्यासारखं नव्हतं. तिच्या लोकांच्या, म्हणजे बेने इस्रायली ज्यूंच्या, वर्षाचा पहिला दिवस, नव्याचा सण, यंदा घटस्थापनेच्या आसपासच येत होता. स्वयंपाकघरात गहू कालपासून भिजत पडले होते. परवा ते वाटून, गाळून त्यांचा चीक काढायचा आणि नारळाच्या दुधात तो सहा तास आटवून हलवा करायचा. चीक काही थांबत नाही, आंबून जातो.

"अगं, गॅसवर कर ना या वर्षी," स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिचा नवरा जुडाह म्हणाला. त्याच्या हातात चहाचा कप होता. "नाहीतर तो तयार चीक मिळतो, तो आण. तुझी बहीण एलिशेवा तसाच करते."

"एलिशेवाचा हलवा खाल्लात ना तुम्ही मागे?"

जुडाह हसला आणि खिडकीतून बाजूला झाला.

गॅसवर तेवढं मोठं पातेलं बसत नाही, बसलं तरी मधेच तापतं आणि चीक तळाला धरतो. आणि ओली लाकडं लावावीत तर धूर होतो. धुराचा वास नारळाच्या दुधाला लगेच लागतो. शिवाय मागच्या वर्षी शेजारच्या रो-हाउसमधल्या बाईंनी वाळत घातलेले कपडे दाखवून दोन शब्द ऐकवले होते. तेव्हापासून हदासा लाकडाच्या बाबतीत जास्तच काटेकोर झाली होती. ऐनाचं किंवा धावड्याचं, मनगटाएवढं फोडलेलं, टोकांना चिरा पडलेलं लाकूड तिला हवं असे. ते मंद जळतं, निखारा धरून ठेवतं, डोळ्यांत पाणी आणत नाही. हे तिला सासूने शिकवलं होतं, आणि सासू गेल्यावर गेली अकरा वर्षं पनवेलमधल्या उरल्यासुरल्या बेने इस्रायली घरांत नव्याच्या सणाला हलवा हदासाकडूनच जात असे.

"घरात असतील ना तुझ्याकडे साठवलेली?" तिने विचारलं. "उन्हाळ्यात भरून ठेवता ना तुम्ही?"

शुक्रीने चुंबळ उलगडली, झटकली, पुन्हा गुंडाळली.

"हायेत थोडी. माचावर."

"मग त्यातली आण उद्या. जास्तीचे पैसे देईन मी." हदासाने हातातली दोन्ही लाकडं मोळीत परत खोचली. "ही परत ने. तुला घरात चालतील."

हे ती सहज म्हणाली. शुक्रीनेही मान हलवली, मोळीचा वेल आवळला आणि ती खाली वाकली. हदासाने हात लावून मोळी तिच्या डोक्यावर चढवून दिली. ती भलतीच जड लागली. तळहात ओले झाले. शुक्री फाटकातून बाहेर पडेपर्यंत हदासाने ते पदराला पुसलेही होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शुक्री आली तेव्हा मोळी मोठ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली होती आणि शुक्री स्वतः मात्र चिंब भिजली होती. प्लास्टिक सोडल्यावर हदासाला एकदम बरं वाटलं. तशीच लाकडं होती, तिला हवी तशी. चुलीच्या वर, बांबूच्या माचावर महिनोन्महिने राहून ती काळपट पडली होती, हलकी झाली होती. तिने एकावर एक आपटून पाहिली. टणकन वाजली.

"बघ, होती की नाही?" ती म्हणाली.

"हां," शुक्री म्हणाली. चहा मात्र तिने घेतला नाही. घरी जायचंय म्हणाली.

हलवा त्या वर्षी कधी नव्हे इतका चांगला झाला. मागच्या अंगणात पत्र्याखाली चूल पेटली ती दुपारपर्यंत एका लयीत जळत राहिली. जुडाह आणि ती आळीपाळीने ढवळत होते. त्याचा खांदा दुखायला लागला की ती घ्यायची, तिची कंबर दुखायला लागली की तो. धूर जवळजवळ नव्हताच. शेजारच्या बाई गच्चीवर येऊन वास छान सुटलाय म्हणाल्या. कडेने तेल सुटायला लागलं तेव्हा इस्रायलमधल्या अश्दोदहून ओरेनचा व्हिडिओ कॉल आला, आणि जुडाहने फोन पातेल्यावर धरून मुलाला गुलाबी हलव्याचे बुडबुडे दाखवले. थाळ्यांत थापून, वर चारोळी पेरून, शंकरपाळ्यासारख्या वड्या कापून झाल्या तेव्हा हदासाने नेहमीप्रमाणे एक डबा शुक्रीसाठी वेगळा काढला.

तो डबा फ्रिजमध्येच राहिला.

शुक्री मंगळवारी आणि शुक्रवारी येत असे. रानभाजी, आंबाडे, कधी चुलीसाठी ढलप्या. चिंबोऱ्या हदासाच्या घरी चालत नाहीत हे पक्कं ठाऊक असल्यामुळे दुसऱ्या घरांसाठीच्या चिंबोऱ्या ती पाटीत खाली, पानांखाली झाकून आणायची. सोळा-सतरा वर्षांत दोन-तीनदाच तिचा वार चुकला असेल. तो मंगळवार गेला, शुक्रवार गेला, पुढचा मंगळवारही गेला. पाऊस दोन दिवस थांबला आणि पुन्हा लागला.

हदासा मधूनमधून फ्रिज उघडायची, डबा दिसायचा, आणि तिला त्या दिवशीची शुक्री आठवायची. लाकडं नाही, चुंबळ आठवायची. उलगडली, झटकली, पुन्हा गुंडाळली. शाळेत शिकवत असताना, गृहपाठ झालाय का असं विचारल्यावर काही मुली अशाच वेणीचं टोक उलगडत, पुन्हा बांधत. त्याचा अर्थ तिला तेव्हा बरोबर कळायचा.

बुधवारी संध्याकाळपासून दरफळणीचा उपास होता. देवाचं दार बंद व्हायच्या आत वर्षभराचं चुकलंमाकलं त्याच्यापुढे ठेवायचं, पाण्याचा थेंबही न घेता. सकाळी जुडाहने पांढरे कपडे इस्त्रीला काढले आणि फोन घेऊन बसला. भावाला, जुन्या साहेबाला, सोसायटीच्या सेक्रेटरीला असे त्याचे दरवर्षीचे फोन असत. काही चुकलं असेल तर माफ करा, एवढंच तो बोले.

"तुझे झाले?" त्याने विचारलं.

"एक राहिलाय," हदासा म्हणाली. "तिच्याकडे फोन नाही."

जुडाहने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "काय केलंस तू शुक्रीला?"

"काही नाही. लाकडं मागितली."

"मग?"

"मग काही नाही. जाऊन येते."

"पाच वाजेपर्यंत ये. जेवून घ्यायचंय," तो म्हणाला. "सूर्य मावळल्यावर काही नाही मग, उद्या रात्रीपर्यंत."

तिने डबा पिशवीत टाकला आणि कोपऱ्यावरची रिक्षा ठरवली. उद्या दसरा, त्यामुळे रस्त्याच्या दोन्ही कडांना ताडपत्रीखाली झेंडूचे ढीग होते. नेरं मागे पडल्यावर दुकानं संपली, मग शेतं लागली, मग एका बंगल्यांच्या स्कीमची मोठी कमान. कमानीच्या पुढे रिक्षावाल्याने गाडी थांबवली. पुढे चिखल होता.

"मी थांबतो मॅडम," तो म्हणाला. "पण लवकर या."

वाडीतलं पहिलंच घर शुक्रीचं, असं वाटेत भेटलेल्या एका म्हाताऱ्याने सांगितलं. कुडाच्या भिंती, वर निळं प्लास्टिक. दाराशी पोचायच्या आधीच हदासाला वास आला. लाकडाच्या धुराचा नव्हे. नवं फर्निचर केलेल्या घरात येतो तसा, घशात बसणारा. दारातून काळा धूर बाहेर येत होता आणि पावसाने दबून जमिनीलगत पसरत होता.

आत एक तरुण मुलगी चुलीपुढे उकिडवी बसून भात करत होती. ही शुक्रीची सून असावी. शुक्री तिच्याबद्दल बोलायची. रोहिणी. तिचे डोळे लाल झाले होते.

"शुक्री आहे का?" हदासाने दारातूनच विचारलं. "मी पनवेलहून आले."

"सासू दवाखान्यात हाय," रोहिणी उठून उभी राहिली. "तुमी संस्थेच्या बाई काय?"

हदासा बोलायला गेली आणि तिला खोकल्याची उबळ आली. रोहिणीने चटकन तांब्यातून पाणी दिलं, दारातला प्लास्टिकचा पडदा वर करून खोचला. खोकला थांबेपर्यंत प्रश्न मागे पडला होता.

"दवाखान्यात का?"

"माझी पोरगी. तिचा शास अडकला. छाती अशी आत जायला लागली." तिने स्वतःच्या बरगड्यांखाली हात लावून दाखवलं. "आज चार दिस झाले. सासू तिच्याजवल बसते, मी भात घेऊन जाते. माझा नवरा, कान्हा, कामावं."

चुलीत लाकूड नव्हतं. चुलीत प्लायवूडचे तुकडे होते, सिमेंट चिकटलेले, तेलाने काळे झालेले. बाजूला तसलाच ढीग, आणि त्यात एका मोडक्या कपाटाचं दार, चकचकीत पांढऱ्या सनमायकाचं, अर्धं तोडलेलं. सनमायका जळून फुगत होता, त्याचे पापुद्रे सुटत होते. आठवीच्या मुलांना ज्वलनाचा धडा हदासाने एकतीस वर्षं शिकवला होता. त्या तुकड्यांत काय चिकटवलेलं असतं, ते जळल्यावर त्याचं काय होतं, हे फळ्यावर लिहून दाखव म्हटलं असतं तर तिने तिथल्या तिथे लिहून दाखवलं असतं.

तिने वर पाहिलं. चुलीच्या बरोबर वर बांबूंचा माच होता, काजळीने काळा कुळकुळीत. त्यावर एक फुटकी टोपली होती. बाकी काही नव्हतं.

"हे कशाला जाळता?" तिने विचारलं, आणि स्वतःचा आवाज तिला वर्गातल्यासारखा वाटला.

"काय करनार मंग? गॅसची टाकी हाय, ती रिकामी. भायेर सगला वला." रोहिणीने भाताला झाकण घातलं. "ह्ये कान्हा आनतो साइटवरनं, ओवे गावाच्या तिकडं बिल्डिंगी चाल्ल्यात तितनं. लगेच पेटतं पन. राकेल लागत नाय."

ती आता भात फडक्यात बांधत होती. तिला रस्त्यापर्यंत चालत जाऊन पुढची रिक्षा बघायची होती. हदासा म्हणाली, "माझी रिक्षा उभी आहे. चल माझ्याबरोबर." हे तरी आपण बरं केलं, असं तिला क्षणभर वाटलं.

रिक्षात रोहिणी अंग चोरून, भाताचं गाठोडं मांडीवर घट्ट धरून बसली. तिच्या केसांना, पोलक्याला तो वास होता. कमान मागे गेल्यावर ती आपणहून बोलायला लागली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई रागावतात, म्हणाली. काय जालता म्हणून विचारतात. सासू खाली मान घालून ऐकते.

"आमची व्हती सुकी लाकडं," ती म्हणाली. "माच भरून. दिवालीपरत पुरली असती. एकेक करून मी आनि सासूनं आनलेली, उन्हाचं. दिली सासूनं."

"कुणाला?"

हदासाला उत्तर माहीत होतं. तरी तिने विचारलं.

"हाय एक बाई पनवेलात. तिचा देवाचा काय तरी अस्तो. तिला धूर चालत नाय."

रिक्षा खड्ड्यात आपटली. दोघींनी एकाच वेळी पुढचा दांडा धरला.

"नाही म्हणायचं होतं तिला," हदासा म्हणाली.

"मी तेच बोल्ले. सासू बोलली, जुनी बाई हाय, तिला नाय कसं बोलायचं." रोहिणी बाहेर बघत होती. तिच्या बोलण्यात राग असा नव्हता. पावसाबद्दल बोलावं तशी ती बोलत होती. "पैशे दिलं तिनं. जास्त दिलं. पन पैशानं पावसात लाकडं कुठं भेटतात?"

मी ती, असं म्हणायला तीन अक्षरंही लागली नसती. हदासाने जीभ ओठांवरून फिरवली. नेऱ्याचा नाका आला, गेला. आता म्हणू, त्या पेट्रोल पंपाच्या आत म्हणू, असं करत तिने पेट्रोल पंपही जाऊ दिला. एवढा वेळ गप्प बसल्यावर आता बोलणं आणखीच वाईट दिसेल, असं तिला वाटलं. आणि असं वाटतंय हे कळून तिला स्वतःची किळस आली.

"तुमच्या पिशवीला वेलचीचा वास येतो," रोहिणी म्हणाली.

"सणाचं आहे," हदासा म्हणाली, आणि पिशवी पायाशी ठेवली.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर ओल्या छत्र्यांची गर्दी होती. मुलांचा वॉर्ड वरच्या मजल्यावर. रोहिणी पुढे, हदासा मागे. शेवटून दुसऱ्या खाटेवर शुक्री पाय वर घेऊन बसली होती आणि तिच्या मांडीवर तीन वर्षांची मुलगी होती, नाकातोंडावर हिरवट प्लास्टिकचा मास्क. मास्कमधून वाफ येत होती. मुलगी जागी होती. ती मोठ्या डोळ्यांनी त्या वाफेकडेच बघत होती, आणि प्रत्येक श्वासाबरोबर तिच्या गळ्याजवळची खळी आत जात होती.

शुक्रीने वर पाहिलं. आधी सुनेकडे, मग सुनेच्या मागे. ती गडबडून सावरून बसली.

"बाई," ती म्हणाली. "लाकडं बरी नव्हती काय?"

रोहिणी गाठोडं ठेवायला वाकली होती. ती तशीच थांबली. मग तिने मान वळवून हदासाकडे पाहिलं, आणि पाहत राहिली.

"चांगली होती," हदासा म्हणाली. "खूप चांगली होती, शुक्री."

"मंग तुमी हितं कशाला आलाव, एवढ्या पावसाचं?"

तेवढ्यात डॉक्टर आली. ओरेनपेक्षाही लहान दिसत होती, गळ्यात स्टेथोस्कोप, डोळ्यांखाली जागरण. तिने मुलीच्या पाठीला नळी लावली, दोन-तीन जागा बदलून ऐकलं, तापाचा कागद पाहिला.

"स्नेहा, शहाणी झालीस आता," ती मुलीला म्हणाली. मग शुक्रीकडे वळून, "कालच्यापेक्षा बरं आहे. पण घरी नेऊन पुन्हा त्याच धुरात ठेवलंत तर पुन्हा इथेच याल. सांगितलंय ना मी?"

शुक्रीने खाली मान घालून ती हलवली.

डॉक्टरचं लक्ष हदासाकडे गेलं. साडी, चष्मा, खांद्याला लावलेली पर्स.

"तुम्ही यांच्याबरोबर आहात का मॅडम? मग तुम्हीच समजावून सांगा यांना. प्लायवूड, सनमायका, रंग दिलेलं लाकूड, हे चुलीत घालायचं नाही. साधं सुकं लाकूड वापरायचं. एवढी साधी गोष्ट आहे, पण ऐकत नाहीत हे लोक."

"त्यांना माहीत आहे ते," हदासा म्हणाली.

"माहीत असून करतात?"

"सुकं लाकूड होतं त्यांच्याकडे. ते मी नेलं." तिचा आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. शेजारच्या खाटेवरच्या बाईने वळून पाहिलं. "माझ्या घरी हलवा करायचा होता. मी ओली परत पाठवली आणि यांची साठवलेली मागून घेतली. ओली तुला घरात चालतील, म्हणाले मी हिला."

डॉक्टरने तिच्याकडे पाहिलं. "बरं," ती म्हणाली, कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे गेली.

हदासा खाटेच्या कडेला वाकली. शुक्रीचा हात तिने धरला. तो गरम होता, आणि लाकडासारखाच खरखरीत.

"शुक्री, माझं चुकलं. मला माफ कर."

शुक्री अवघडली. तिने हात सोडवून घेतला नाही, पण तो तसाच लुळा ठेवला.

"आता त्याचं काय बाई," ती म्हणाली. "पाऊसच तसा लागला. त्याला तुमी काय करनार?" मग तिला काहीतरी सुचल्यासारखं झालं, तिचा चेहरा जरा उजळला. "फुडल्या साली आदी सांगून ठेवा. उन्हाल्यातच तुमची वायली काढून ठेवीन मी. मंग असा घोटाला व्हनार नाय."

"नाय ठेवायची," रोहिणी म्हणाली.

ती खाली बसून गाठोडं सोडत होती. तिने वर पाहिलं नाही, आवाज चढवला नाही.

"रोहिनी," शुक्री म्हणाली.

"नाय ठेवायची, आय. त्यांना सांगते मी. आमची लाकडं आमाला लागतात."

हदासाने शुक्रीचा हात सोडला आणि ती सरळ उभी राहिली. सोळा-सतरा वर्षांत या घराने तिला पहिल्यांदाच नाही म्हटलं होतं. तिला वाईट वाटायला हवं होतं. पण वाडीच्या दारापासून छातीत जे दाटून बसलं होतं ते या शब्दांनी थोडं हललं.

"बरोबर आहे तुझं," ती म्हणाली.

रोहिणीने भाताचा एक मऊ घास कालवून बाजूला ठेवला, सासूच्या मांडीवरून मुलीला स्वतःकडे घेतलं आणि मास्क नीट केला. मुलगी आईच्या पोलक्यात तोंड खुपसू लागली. रोहिणीने तिला हळूच बाजूला धरलं. आपल्या कपड्यांना कसला वास येतोय ते तिच्या लक्षात आलं असावं. तिने मुलीचं तोंड बाहेरच्या बाजूला वळवलं आणि तशीच धरून बसली.

आता जावं हे हदासाला कळत होतं. रिक्षावाला खाली खोळंबला होता. घड्याळात पावणेपाच झाले होते. पिशवीतला डबा काढून इथे ठेवणं शक्य नव्हतं आणि तो परत घरी नेणंही शक्य नव्हतं. पर्समध्ये पैसे होते, पण पैशांचं रोहिणी काय म्हणाली होती ते तिने रिक्षात ऐकलं होतं.

"सात नंबर," दारातून नर्सने हाक मारली. "हे औषध आत्ता नाहीये, समोरच्या दुकानातून आणा. साडेपाचला द्यायचंय." ती आली आणि चिठ्ठी रोहिणीच्या हातात देऊन गेली.

रोहिणीच्या मांडीवर मुलगी होती. शुक्री उठायला लागली, तिचे पाय आखडले होते. तिने खाटेचा दांडा धरला.

"तू बस, आय," रोहिणी म्हणाली. "काल दुकानवाल्यानं दुसराच दिला तुला. परत जायला लागला."

तिने चिठ्ठी हदासाच्या दिशेने पुढे केली. बघत ती मुलीकडेच होती.

"वाचून घ्या," ती म्हणाली. "याच नावाचा आना."

हदासाने चिठ्ठी घेतली आणि ती जिना उतरली. रिक्षावाल्याला त्याचे पैसे देऊन जायला सांगितलं. रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात गेली तेव्हा तिथे दसऱ्याच्या आधीची गर्दी होती, सगळेच घाईत. ती रांगेत उभी राहिली. चष्मा पुसला, चिठ्ठीवरचं नाव वाचलं. डॉक्टरचं अक्षर वाईट होतं. दिव्याखाली धरून तिने एकेक अक्षर पुन्हा लावलं.

पर्समध्ये फोन वाजला.

"कुठे आहेस?" जुडाह म्हणाला. "ताटं वाढलीत मी. तासाभरात मावळेल."

"तुम्ही जेवून घ्या."

"आणि तू? उद्या रात्रीपर्यंत काही नाही मग."

"माहीत आहे."

"भेटली का ती?"

"भेटली," हदासा म्हणाली. "मी ठेवते आता. माझा नंबर येईल."

तिच्यापुढे अजून चार माणसं होती.